पालेर्मोच्या गच्चीवरच्या कुरडया

शाळेत भूगोलात मला नेहमी चांगले मार्क पडायचे. त्या मार्कांनी मला आयुष्यात एकदाच दगा दिला, तो सिसिलीत, पालेर्मो शहरातल्या एका चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत, ऐन जुलैत. त्या वेळी माझी आई शेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती, त्यामुळे तो दगा विसरायची सोय राहिलेली नाही.

झालं असं, की त्या वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या हॅरो भागात स्टेशनकडे धावताना फुटपाथवरच्या न दिसणाऱ्या बर्फावरून मी घसरले आणि पाय दोन ठिकाणी मोडला. आम्हाला लंडनला येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. नवऱ्याला ऑफिसातून सुट्टी मिळेना, मला जिना उतरता येईना. शेवटी आई नागपूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आली. येताना तिने भाजणी आणली, मेतकूट आणलं, पितळी सोऱ्या आणला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तिच्या हातचं खाऊन माझं हाड जुळलं की डॉक्टरांच्या प्लास्टरने, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

पण आईच्या येण्यात एक गोची होती आणि ती मला एप्रिलमध्ये कळली. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. आमच्या नात्यात कुणाचंही लग्न असो, रुखवतात आईच्या कुरडया असतातच. मावशीच्या मुलींना गेल्या, काकांच्या मुलींना गेल्या, शेजारणीच्या भाचीलासुद्धा गेल्या. आता पोटच्या धाकटीची वेळ आली तर आई हॅरोत बसून माझा पाय शेकत होती. नागपूरचा उन्हाळा मार्चपासून जूनपर्यंतचा. ती परत जाणार ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे भर पावसात. वाळवणाचा अख्खा हंगाम माझ्यामुळे बुडाला होता.

"विकतच्या आणू गं," मी म्हटलं, "हल्ली बचत गटाच्या बायका छान करतात."

आईने यावर संध्याकाळची कणीक मळायला घेतली. मग पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "रुखवत आईचं असते. बचत गटाचं नसते."

त्या वाक्याने मला जे लागलं ते लागलं. पाय मी मोडला होता आणि भोगत होत्या त्या दोघी. काहीही झालं तरी आईच्या कुरडया झाल्याच पाहिजेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आधी आम्ही हॅरोतच प्रयत्न केले. मे महिन्यात एक निळाभोर शनिवार उगवला. आईने तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवला आणि मागच्या बागेत जुन्या साडीवर बोटभर अंतर ठेवून कुरडया घातल्या. अकराला ढग आले, साडेअकराला शिंतोडे, बाराला ऊन, सव्वाबाराला पुन्हा शिंतोडे. मधल्या वेळात खारींनी येऊन चव घेतली. दुसऱ्या खेपेला मी डोकं चालवलं. आमच्या घरी गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट होतं, त्यात इंग्रज माणूस टॉवेल वाळवतो. त्यात चार दिवस ठेवलेल्या कुरडया वाळल्या खऱ्या, पण रंग राखाडी झाला आणि वास टॉवेलांचा. आईने एक हुंगली आणि म्हणाली, "या तुमच्या राणीला वाढा."

तेव्हा मला भूगोल आठवला. भूमध्य सागरी हवामान: उन्हाळे उष्ण व कोरडे, हिवाळे सौम्य व पावसाळी. हे वाक्य मी इतक्या वेळा घोकलं होतं की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवलं असतं. जगात नागपूरशिवायही एक कोरडा उन्हाळा होता आणि तो लंडनपासून तीन तासांवर होता! नवरा त्या काळात इंटरनेटवर स्वस्त विमानं शोधायच्या नादात होता. रोम महाग, नेपल्स महाग, पालेर्मोला मात्र तिकीट आमच्या आवाक्यातलं निघालं.

"लेट मी गेट धिस स्ट्रेट," तो म्हणाला. "आपण इटलीला हॉलिडेला जायचं, आणि सामानात मिक्सर न्यायचा?"

"आणि गहू," मी म्हटलं.

तो पुण्याचा. पुण्यात असल्या गोष्टी विकत आणतात आणि त्या किती चांगल्या आहेत हे पाहुण्याला ऐकवतात. पण आईसमोर त्याचं काही चालायचं नाही. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय, तेव्हा आधी व्हिसाचे फॉर्म भरणं आलं. येण्याचं कारण या रकान्यात त्याने 'पर्यटन' लिहिलं, तर आई म्हणाली, "खोटं कशाला लिहिता, जावईबापू?" त्याने ते तसंच ठेवलं म्हणून व्हिसा मिळाला. विमानतळावर सोऱ्या तिच्या हातातल्या पिशवीत सापडला. तपासणाऱ्याने तो उलटा केला, सुलटा केला, दांडा फिरवून पाहिला. "नूडल्स," आईने समजावलं, "फॉर मॅरेज." त्याने आईचं अभिनंदन केलं आणि सोऱ्या परत दिला.

पालेर्मोत आम्ही दहा दिवसांसाठी जुन्या वस्तीतली वरची खोली घेतली होती, गच्चीसकट. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. सत्तरीच्या पुढची, ठेंगणी, घोगऱ्या आवाजाची बाई. तिला इंग्रजी येत होतं, कारण तरुणपणी तिने अकरा वर्षं इंग्लंडात काढली होती, बेडफर्डकडच्या एका वीटभट्टीच्या कँटीनमध्ये. तिचं इंग्रजी भट्टीवरच शिकलेलं असल्यामुळे त्यात निम्म्या शिव्या होत्या. आईला त्या कळत नव्हत्या, हे बरंच झालं.

पोचल्या पोचल्या आईने गहू भिजत घातले. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, म्हणजे तीन दिवस आम्हाला शहर बघायचं ते दोन पाण्यांच्या मध्ये. तरी पालेर्मो पुष्कळ बघून झालं, कारण त्याची ठेवणच अशी आहे की एका उंच जागी उभं राहिलं की सगळं कळतं. तोंडापुढे समुद्र, तोही ईशान्येला. पाठीला अर्धवर्तुळात उघडे बोडके डोंगर, आणि उत्तरेच्या टोकाला समुद्रात पाय टाकून बसलेला एक दांडगा सुळका. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या खोलगट सपाटीत शहर. या सपाटीत पूर्वी नुसत्या लिंबा-संत्र्यांच्या बागा होत्या, त्यामुळे तिला सोनेरी शिंपला म्हणतात. संत्रं ऐकून नागपूरच्या बाईचे कान टवकारले. बाजारात तिने एक विकत घेतलं, खाल्लं, आणि "ठीक आहे" असा निकाल दिला. जुलैत संत्र्यांचा हंगाम नसतो ही सवलत तिने त्या संत्र्याला दिली नाही.

घरमालकीणबाईंनी सांगितलं की सर्वांत जुनं गाव दोन नद्यांच्या मध्ये वसलेलं होतं. फिनिशियन आले, रोमन आले, अरब आले, नॉर्मन आले, सगळ्यांना ती जागा आवडली. पुढे नद्यांना पूर यायचे, रोगराई व्हायची, म्हणून लोकांनी त्या पुरून टाकल्या. आता वर रस्ते आहेत. आमच्या गल्लीचा मधला भाग खोलगट का आहे हे तेव्हा कळलं. आम्ही नदीच्या काठावर राहत होतो आणि नदी जमिनीखाली होती. "चांगलं झालं," आई म्हणाली, "ओल कमी." तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

चौथ्या दिवशी पहाटे गच्चीवर कुरडया पडल्या. शुभ्र, गोल, एकेक जाळीदार. खाली साडी, वर निळं आकाश, ढग औषधालाही नाही. गच्चीच्या उरलेल्या अर्ध्या भागात घरमालकीणबाईंच्या लाकडी फळ्या होत्या. त्यांवर टोमॅटोचा लगदा पसरलेला. तो दिवसभर उन्हात ढवळत राहायचा, मग आटून त्याचा काळपट लाल गोळा होतो आणि तो वर्षभर पुरवतात. आईला तो प्रकार एकदम मान्य झाला, फक्त तिच्या साडीपासून तीन हात लांब असता तर आणखी मान्य झाला असता. दोघींत हद्दीवरून सकाळीच वाजलं. एकीची वऱ्हाडी आणि दुसरीची सिसिलियन, पण भांडणाला काही कमी पडलं नाही.

चार वाजता घरमालकीणबाई आपल्या फळ्या आत नेऊ लागल्या. "तुमचंही आत घ्या," त्या मला म्हणाल्या. मी आईला सांगितलं. आई हसली. "इतक्या लवकर? नागपुरात आपण रात्रभर ठेवतो गच्चीवर. रात्रीचीसुद्धा झळ असते."

मीही हसले. उन्हाळे उष्ण व कोरडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरडया ओल्या पापडासारख्या लुळ्या पडल्या होत्या. आईने एक उचलली तर ती तिच्या बोटांवरून खाली लोंबली. मग कमरेवर हात.

"तुझ्या पुस्तकात काय होतं म्हणे?"

मला त्या क्षणी जे उमगलं ते आजवर कुठल्याही बाईंनी वर्गात सांगितलं नव्हतं. कोरडा उन्हाळा म्हणजे पाऊस नाही, एवढंच. हवा कोरडी आहे असं पुस्तकाने कधी म्हटलंच नव्हतं, ते मी आपलं धरून चालले होते. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, गार, गोड, माणसाला बरं वाटेल असा. आम्हीच आदल्या संध्याकाळी त्याचं कौतुक करत आइसक्रीम खाल्लं होतं. तो वारा समुद्राचं पाणी घेऊन गच्चीवर येतो. नागपूर कुठल्याही समुद्रापासून शेकडो मैल आत आहे, आणि कुरडई नागपुरात वाळते ती त्यामुळे. इतकी साधी गोष्ट. मला खूप राग आला, पुस्तकाचा, स्वतःचा, आणि त्या निळ्या समुद्राचा सगळ्यात जास्त.

दोन दिवस आम्ही कुरडया आत-बाहेर केल्या. दिवसा थोड्या कडक व्हायच्या, संध्याकाळी पुन्हा नरम. तिसऱ्या दिवशी आईने त्यांचा वास घेतला आणि नाक मुरडलं. आणखी एक दिवस असाच गेला असता तर आंबून काळ्या पडल्या असत्या. परतीला तीन दिवस राहिले होते. नवरा म्हणाला, "आई, प्लीज डोंट वरी, होईल काहीतरी." आई त्याला म्हणाली, "जावईबापू, तुम्ही बाहेर जाऊन या. बघा शहर. माझ्यापायी अडकू नका." ती असं समजूतदार बोलायला लागली की मला धडकी भरते. ती मनातल्या मनात बचत गटापर्यंत पोचली होती.

आठव्या दिवशी पहाटे घरमालकीणबाईंनी दार ठोठावलं. त्या घाईत होत्या. खिडक्या लावा, लाकडी झडपा लावा, दिवसभर उघडू नका, बाहेर जाऊ नका. "सिरोको," त्या म्हणाल्या आणि पुढे भट्टीवरची एक शिवी घातली.

सिरोको! नववीतले स्थानिक वारे! सहारातून निघून भूमध्य समुद्राकडे जाणारा उष्ण वारा, एक मार्क. तो पुस्तकाबाहेर असतो हे मी विसरूनच गेले होते. घरमालकीणबाई सांगत होत्या की तो आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो, पण पालेर्मोच्या पाठीमागचे डोंगर चढून उतरताना त्याच्यातली उरलीसुरली ओलही जाते आणि शहरावर तो भट्टीसारखा पडतो. पूर्वीचे श्रीमंत लोक त्या दिवसांसाठी जमिनीखाली गार खोल्या खोदून घ्यायचे आणि वारा थांबेपर्यंत तिथे बसून राहायचे. घरमालकीणबाईंनी आपल्या फळ्या कधीच आत नेल्या होत्या. वाऱ्याबरोबर लाल धूळ येते, टोमॅटोचा सत्यानाश होतो.

हे सगळं मी आईला सांगेपर्यंत ती गच्चीवर पोचली होती. आकाश पिवळट झालेलं, समुद्र दिसेनासा, आणि डोंगराकडून तोंडावर अशी झळ आली की माझे ओठ चुरचुरले. आईने डोळे मिटले.

"अगं, हे तं आपलं मे महिन्यातलं नागपूर आहे!"

"आई, धूळ आहे त्यात. खराब होतील."

"ओलीने खराब होऊनच राहिल्या ना? आण त्या."

मी कधी नव्हे ते तिच्यावर ओरडले. म्हटलं, तुला ऊन लागेल, आजारी पडशील, परक्या देशात कुठे धावाधाव करू मी या पायाने, कुरडयांपेक्षा तू महत्त्वाची आहेस. ती म्हणाली, "हे मला सांगतेस? तुझ्या पायासाठी मी उन्हाळा सोडून आली." आणि खोलीतून साड्या आणायला गेली.

मग आम्ही दोघींनी मिळून कुरडया पुन्हा मांडल्या. खाली एक साडी, वर मलमलीसारख्या विरलेल्या दोन साड्या ताणून, कडांना फुटकी कौलं, आमच्या चपला आणि नवऱ्याचे बूट ठेवले. आई छत्री उघडून शेजारी बसली. कमरेला कांदा खोचला, नागपूरच्या उन्हात बाहेर पडताना खोचतात तसा. घरमालकीणबाईंनी झडपेच्या फटीतून हे पाहिलं आणि देवाचं नाव घेतलं. थोड्या वेळाने डोक्यावर ओला टॉवेल टाकून त्या स्वतःच वर आल्या, हातात लिंबू-मिठाचं पाणी. आईशेजारी बसल्या. मला म्हणाल्या, "अकरा वर्षं मी तिकडे होते. अकरा वर्षांत टोमॅटोची एक फळी वाळली नाही. नवऱ्याला सांगितलं, तू राहा, मी चालले." मी भाषांतर केलं. आईने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. हद्दीचं भांडण तिथे मिटलं.

तीन वाजेपर्यंत कुरडया खडखडीत वाळल्या. एकमेकींवर आपटल्या की वाजत होत्या. आई आनंदाने लाल झाली होती, का उन्हाने, सांगता येत नाही. वरच्या साड्या मात्र विटकरी रंगाच्या झाल्या होत्या, आणि साड्यांतून गाळून आलेली थोडी धूळ कुरडयांवरही बसली होती, जाळीच्या आत आत. आईने एक तळून पाहिली. सुरेख फुलली. खाल्ली, आणि तिचा चेहरा उतरला. दाताखाली कचकच होती.

संध्याकाळभर आम्ही तिघं खोलीत बसून कुरडया झटकत होतो. नवऱ्याने आपला दाढीचा ब्रश काढून दिला. पुण्याच्या माणसाकडून याहून मोठा त्याग मी अजून पाहिलेला नाही. एकेक कुरडई हातात घ्यायची, ब्रश फिरवायचा, फुंकर मारायची, ठेवायची. बरीच धूळ गेली. सगळी गेली नाही.

ऑगस्टच्या शेवटी आई त्या कुरडया डब्यात भरून, डबा मांडीवर घेऊन नागपूरला गेली. "रुखवतात मांडते," ती निघताना म्हणाली, "पंगतीत वाढायचं नंतर बघू." म्हणजे तिची स्वतःचीच खात्री नव्हती.

डिसेंबरात मी लग्नाला जाऊ शकले नाही. आमचा व्हिसा वाढवायचा होता, पासपोर्ट त्यासाठी पाठवलेले होते आणि लग्नापर्यंत परत आले नाहीत. सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी मी नेहमीसारखी मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीने ऑफिसला गेले. घरी आल्यावर कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावला. नागपुरात बरीच रात्र झाली होती, पण धाकटी जागी होती.

"ताई, कुरडया पंगतीत वाढल्या आईने," ती म्हणाली. "सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई आहेत ना, त्यांनी घास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, विहीणबाई, कुरडईत कचकच आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई शेजारीच वाढत उभी होती."

तीस वर्षांत आईच्या पंगतीत हे कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते या लग्नात, माझ्या हुशारीमुळे.

"मग? आई काय म्हणाली?"

"काही नाही. त्यांच्या पानात आणखी एक वाढली. म्हणाली, असेल कचकच. आमच्या मोठीला येता आलं नाही, म्हणून तिच्याकडचं तेवढं आलंय."

मी फोन ठेवला आणि रडले. नवरा चहा घेऊन आला, तर मी त्याला म्हटलं, मी काय केलं होतं रे, त्या तिने केल्या होत्या, भर उन्हात बसून. तो म्हणाला, "ते तिला माहीत आहे," आणि चहा माझ्या हातात दिला.